गोधडीसकट

माझ्या स्वभावात थांबणं नाही. दूध तापायची वाटसुद्धा मला बघवत नाही, मी सरळ गॅस मोठा करते. त्यात मुलगी वेळेआधी जन्मली आणि डॉक्टर म्हणाले, "पुढच्या तपासणीपर्यंत वजन वाढलं नाही, तर ॲडमिट करून घेऊ." झालं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मी भाड्याने वजनकाटा आणला. सासूबाईंनी तो दुसऱ्याच दिवशी परत पाठवला. "लेकराला रोज रोज तोलू नये. नजर लागती." चऱ्होलीतल्या ज्या शेतात त्यांनी आयुष्यभर कांदे लावले, तिथेच आमची सोसायटी उभी आहे. शेत गेलं, पण त्यांचा शब्द अजून चालतो. नवरा फर्स्ट शिफ्टला गेला की घरात आम्ही दोघी आणि ती एवढीशी. भांडणार तरी किती?

मुलगी निजायची स्प्रिंगच्या झोळीत. छताच्या हुकाला स्प्रिंग, खाली सुती साडीची झोळी, ओढायला दोरी. ती रडायला लागली की मी दोरीला हिसके द्यायचे. झोळी आणखी खाली जायची, आणखी वर यायची, मधून जाताना सुसाट सुटायची. पण खाली जाऊन वर यायला वेळ मात्र तेवढाच घ्यायची. माझा सगळा जोर स्प्रिंग ताणण्यात आणि झोळी पळवण्यात जिरायचा. मला त्या स्प्रिंगचा अगदी संताप यायचा.

आणि मी चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या स्प्रिंगाच तपासते! एका सकाळी हिसके देता देता मला स्वतःचंच हसू आलं. ओढ कमी-जास्त केल्याने हा वेळ बदलतच नाही. तो बदलतो स्प्रिंग ताठ किंवा सैल असण्याने, नाहीतर खाली टांगलेल्या वजनाने. स्प्रिंग तर तीच आहे. म्हणजे झोळी संथ झाली, तर मुलगी जड झाली. काटा गेला खड्ड्यात!

मग रोज आंघोळीनंतर ती पेंगली की मी झोळी थोडी ओढून सोडायचे आणि मोबाईलवर वीस फेऱ्यांचा वेळ लावायचे. एका फेरीत फरक कळत नाही, विसांत थोडा कळतो. पहिले काही दिवस कसलाच फरक नाही. मी विनाकारण नवऱ्यावर खेकसायचे, खालच्या डंपरच्या आवाजावर चिडायचे. मग वेळ किंचित वाढला. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी एकदम भरपूर वाढला. मी नवऱ्याला फोन लावला, त्याने उचलला नाही, तरी मी हसतच होते. झोळीत वाकून बघितलं तर मुलीखाली नवी कोरी, जाडजूड गोधडी. सासूबाईंनी शिवलेली, आजच अंथरलेली. एवढा वेळ मी गोधडी तोलत होते.

मी तिथेच फरशीवर बसून रडायला लागले. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. मी सगळं सांगून टाकलं, स्प्रिंग, वेळ, वजन, सगळं.

"म्हंजी तू रोज तोलतच हुतीस?"

"हो. मला भीती वाटते हो, आई."

आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"आन मला न्हाई वाटत व्हय?" त्या म्हणाल्या. इतके दिवस मी त्यांना दगडाच्या समजत होते.

त्यांनी मुलीला अलगद उचललं, नवी गोधडी काढून रोजचं जुनं पातळ दुपटं अंथरलं आणि तिला परत निजवलं. ती कुरकुरली, गप्प झाली. सासूबाईंनी स्वतः झोळी ओढून सोडली. "लाव तुझं घड्याळ."

आम्ही दोघी तोंडातल्या तोंडात मोजत होतो. हेलकावे लहान लहान होत चालले, पण प्रत्येकाला वेळ तेवढाच लागत होता. मी मोबाईल थांबवला. गोधडी असतानाच्या वेळेपेक्षा कमी भरला, पण कालच्यापेक्षा जास्त.

"वाढलंय, आई. खरंच वाढलंय."

सासूबाई आत गेल्या. मूठभर मीठ-मोहऱ्या आणून त्यांनी मुलीवरून ओवाळल्या, दृष्ट काढली. मग पदराने डोळे पुसत झोळी पुन्हा खाली ओढून धरली.

"परत एकदा मोज," त्या म्हणाल्या.