पाचोडच्या वाटेवरची झोप

मुकुंदवाडीहून मी आणि माझा मेहुणा दिलीप पायी निघालो, तेव्हा थंडी सरत आली होती. चितेगाव, बिडकीन करत पैठण गाठायचं आणि तिथून पाचोड, असा बेत दिलीपनेच ठरवला होता. "चालून अंग दुखलं की झोप येईल, दाजी," तो म्हणाला होता.

माझी बायको, म्हणजे दिलीपची थोरली बहीण, पावसाळ्यात गेली. तिच्या आजारपणात तिचा श्वास ऐकत मी रात्ररात्र बसायचो. ती गेली, पण माझं जागणं तसंच राहिलं.

चितेगावपर्यंत कारखान्यांच्या मालमोटारी अंगावरून गेल्यासारख्या जात होत्या. पुढे हरभऱ्याची शेतं लागली आणि दोघांनाही बरं वाटलं. मुक्काम देवळांच्या ओसरीवर केले. जाड सतरंजी अंथरली, पाय कोमट पाण्यात शेकले, रात्री चहा टाळला. दिलीप झोपायचा. मी छताकडे बघत पडायचो.

पैठण सोडल्यावर माझा तोल जाऊ लागला. पाचोडच्या अलीकडे चालता चालताच डोळा लागला आणि मी रस्त्याच्या मध्ये गेलो. दिलीपने दंडाला धरून मागे ओढलं. एक ट्रक भोंगा वाजवत निघून गेला.

शेजारच्या मोसंबीच्या बागेतून एक वयस्कर बाई आल्या. हमीदाबी त्यांचं नाव. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे चालायच्या लायक नायत. इथं सावलीत पडू द्या त्यांना."

त्यांनी ज्वारीची भाकरी, दही आणि ठेचा दिला. कडुलिंबाखाली बाज (सुतळीने विणलेली खाट) टाकून दिली. मी आडवा झालो, पण डोळे मिटेनात.

"काय ऐकताय?" दिलीपने विचारलं.

"काही नाही. सवय आहे."

तो बाजेच्या पायथ्याशी मातीत बसला. मग म्हणाला, "ताईसाठी तुम्ही जागलात. आता तुम्ही झोपा. मी बसतो."

त्यानंतरचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. दिलीप तसाच बसून होता. त्याचे डोळे सुजले होते.

हमीदाबी म्हणाल्या, "लई गाढ झोपलात. ह्यांनी कोंबडीसुद्धा जवळ येऊ दिली नाय."

मी उठून बाज रिकामी केली. "आता तू पड. मी आहे," मी म्हणालो. तो नाही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी पाचोडहून एसटीने परतलो. पायी जाणारे आता मला विचारतात, झोपायला काय न्यावं. मी हलकी सतरंजी सांगतो आणि ज्याच्या भरवशावर डोळे मिटता येतील असं माणूस सांगतो.

परतलो त्या रात्री घरी मी एकटाच पलंगावर पडलो. झोप लगेच आली नाही. पण अंधाराकडे बघत पडून राहायची पहिल्यांदाच भीती वाटली नाही.