पिवळं वर्तुळ

पूर्वी आमच्या विमानतळावर माणूस सामान तपासून घेई, बूट परत पायात घाली आणि नाकासमोर चालत विमानापाशी जाई. ड्यूटी फ्रीचं दुकान होतं, पण ते आपलं बाजूला. ज्याला बाटली हवी तो आत शिरे, नको तो खुर्चीवर पाय पसरून घोरे. मग ब्रिस्बेनहून क्रेग आला. त्याने भिंत पाडली, नागमोडी वाट आखली आणि दुकानच वाटेत आणून बसवलं. आता फिजी सोडून कुठेही जायचं तर आधी दारूच्या बाटल्या, मग सिगारेटी, मग वळसा घालून पावडर-लिपस्टिक, आणि सगळ्यात शेवटी, जिथे वाट इतकी चिंचोळी होते की अंग चोरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तिथे वासिती.

तिच्यासाठी फरशीवर एक पिवळं वर्तुळ रंगवलं होतं. हातात सेंटची बाटली घेऊन त्यात उभं राहायचं आणि येईल त्याच्या मनगटावर फवारा मारायचा. वर्तुळ सोडायचं नाही. "तुला चुकवून एकही माणूस पुढे जाता कामा नये, वासिती," असं क्रेग मोठ्या कौतुकाने म्हणायचा. आणि वासिती होतीही तशीच, आडव्या अंगाची, केसांत लाल जास्वंद, हसली की सिगारेटीच्या फळीपर्यंत ऐकू जाणारी. इथे ती फरशी पुसायला म्हणून लागली होती. नवरा गेला, दोन पोरं वाढवली, पुसणाऱ्या हातात सेंटची बाटली आली. कुणाला "नाही" म्हणताना तिला कुणी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र सकाळपासून तिचं अर्धं लक्ष वाटेकडे होतं. दुपारच्या विमानाने तिचा धाकटा भाऊ आपिसाई ऑस्ट्रेलियाला निघाला होता, तिथल्या खाटीकखान्यात कामाला. गावातले सात-आठ जण एकत्र निवडले गेले होते. वादळाने आपिसाईचं घर नेलं, होडी नेली, त्यानंतर कितीतरी दिवस तो या कामासाठी ताटकळत होता. आणि विमान चुकलं की नाव कापलं, जागा पुढच्याला, हे निवडणाऱ्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारा माणूस! वासितीला रात्रभर डोळा लागला नव्हता.

बरं, त्याला दोन शब्द सांगावेत, तर तेही नाही. आमच्याकडे भाऊ वयात आला की बहिणीशी बोलत नाही. भांडण नसतं हो, मान असतो. डोळ्याला डोळा द्यायचा नाही, एका चटईवर जेवायचं नाही, ती उभी असेल तिथून घासून जायचं नाही. शहरातली पोरं हल्ली हे सगळं हसण्यावारी नेतात, पण वासितीच्या गावात अजून पाळतात. आपिसाईला मिसरूड फुटलं तेव्हापासून, म्हणजे तीसेक वर्षं, दोघांत एक शब्द नव्हता. म्हणून काय माया नव्हती? तिच्या खिडकीला सकाळी ताज्या बांगडा मासळीची माळ लटकलेली दिसली की समजायचं, भाऊ समुद्रावरून आला. वादळात तिचं स्वयंपाकघर पडलं तेव्हा स्वतःचं घर उभं करायचं सोडून त्याने आधी तिचं छप्पर घातलं, आणि ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली तर शिडीवरून उतरून मागच्या मागे निघून गेला.

गावातली माणसं येऊन गेली. सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळ्या फुलांचे शर्ट. वासितीने एकेकाच्या मनगटावर फवारा मारला. "बायकोला वास गेला तर ती विमान खाली उतरवेल!" म्हणत ती हसलीसुद्धा. पण आपिसाई त्यांच्यात नव्हता.

"तपासणीत अडकलाय," एक जण म्हणाला. "बायकोने खोबरेल तेलाची बाटली दिली होती ना, पिशवी उपसतायत त्याची. येईल मागून." आणि ते पुढे गेले.

तो आला, पण उशिरा. बाटल्यांच्या फळीमागे निळा शर्ट दिसला तेव्हा वासितीचा जीव भांड्यात पडला. तो जेमतेम पडतोय तोवर पुन्हा वर आला, कारण आपिसाई जागचा हलेना. एक व्हिस्कीची बाटली उचलून त्याने वाचली, खाली ठेवली. पुन्हा तीच उचलली. दारूला न शिवणारा, चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणारा माणूस व्हिस्कीच्या बाटलीवर काय वाचतोय मेला!

वासितीच्या जागेवरून पुढचा, विमानांच्या वेळांचा फलक दिसायचा. आपिसाईच्या, ब्रिस्बेनच्या विमानापुढे हिरवी अक्षरं लागली होती, माणसं आत घेत होते. दुकानात मात्र क्रेगने गाणी लावलेली, त्यामुळे बाहेर घसा फोडून पुकारलं तरी आत ऐकू येत नसे.

गल्ल्यावर प्रेमवती होती. दुपारी दोघी एकत्र जेवायच्या, प्रेमवतीच्या रोटीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी आणि वासितीचा उकडलेला कसाव्याचा कंद. वासितीने तिला खुणेने बोलावलं. "प्रेमा, तो निळा शर्ट बघ. माझा भाऊ. जरा सांग गं त्याला, विमान भरतंय म्हणून."

"तूच हाक मार की. चार पावलांवर तर आहे."

"प्रेमा!"

"बरं बरं, तुमचं ते. आमच्यात भाऊ बोलला नाही तर बहीण त्याचं डोकं फोडेल." असं म्हणत प्रेमवती गेली, दोन मिनिटांत परतली. "सांगितलं. म्हटलं भाऊ, विमान निघालं, चला. भुवया उडवल्या त्याने. हो म्हणाला."

आमच्याकडे भुवया वर उडवल्या की तो होकार. वासितीने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. निळा शर्ट तिथेच.

"परत जा. म्हणावं, घाबरू नकोस. म्हणावं, तुझ्या लिटियाकडे आणि पोरांकडे मी बघेन. म्हणावं, चाल तर खरा!"

प्रेमवती परत गेली. "घाबरलास का विचारलं, भुवया उडवल्या. नाही ना घाबरलास विचारलं, तरी भुवया उडवल्या. कळतंय का विचारलं, भुवया! आता मी काय त्याच्या भुवया धरून ओढत आणू? मुहूर्त बघतोय वाटतं तुझा भाऊ." तेवढ्यात गल्ल्यावर जपानी पाहुण्यांची झुंबड उडाली आणि प्रेमवती धावली.

वासितीने बाटली या हातातून त्या हातात घेतली. नाना विचार तिच्या डोक्यात आले. याला जायचंच नाहीये. हा मुद्दाम विमान चुकवणार, संध्याकाळच्या बसने गावात उतरणार, पोरं विचारतील तेव्हा खाली मान घालणार. किंवा छातीत दुखतंय आणि सांगत नाहीये. वडीलही असेच उभे राहायचे, न सांगता, आणि असेच एक दिवस गेले.

फलकावरची अक्षरं पिवळी झाली.

तेवढ्यात एक मोठं कुटुंब आलं, आजी, पोरं, ढकलगाडी, अख्खी वाट भरून. वासिती त्यांच्याकडे वळली, आणि पाहते तर त्या घोळक्याच्या आडून आपिसाई खांदे आवळून पुढे येतोय. तिने वळावं आणि त्याने बघावं. दोन हातांवर आला होता. तो थबकला, मान खाली घातली आणि आल्या पावली फळीमागे गेला.

अशी मान खाली घालून परत फिरताना तिने त्याला शंभरदा पाहिलं होतं. आईच्या उंबऱ्यात ती बसलेली असली की तो दारातून असाच मागे फिरायचा आणि घराला वळसा घालून मागच्या बाजूने आत यायचा.

इथे मागची बाजू नव्हती. क्रेगने ठेवलीच नव्हती.

अगं बाई, तो माझ्यासाठी थांबलाय! वासितीला रडू फुटायचंच बाकी राहिलं. मी हलेन म्हणून वाट बघतोय हा वेडा, आणि मी इथे खांबासारखी उभी. कामावर आल्यापासून ती स्वतःला दुकानाचं सामान समजायला लागली होती. बहीण म्हणून आपण कुणाच्या वाटेत उभ्या असू, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

ती वर्तुळातून बाहेर पडली.

"वासिती! वर्तुळ!" क्रेग कुणा दोन साहेबांना दुकान दाखवत होता, तिकडून ओरडला.

वासिती परत वर्तुळात आली. क्रेग वळला. पुढे जावं तर आपिसाईच्या वाटेतच, मागे जावं तर त्याच्या अंगावर. मग तिने हातातल्या बाटलीचं झाकण वर्तुळाशेजारच्या काउंटरमागे टाकलं आणि ते शोधायच्या निमित्ताने, एवढी आडवी बाई, त्याच्यामागे फरशीवर बसली. कागदी पिशव्यांच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून, गुडघे पोटाशी घेऊन. जा रे बाबा. आता तरी जा.

खाटीकखान्याच्या कंपनीने दिलेले नवे बूट करकरत आले. जवळ आले. अगदी काउंटरपाशी आले.

आणि थांबले.

आता काय घोडं अडलं? मग वासितीच्या लक्षात आलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. पुढे वाट फुटते. डावीकडे जिना उतरून विमानं, उजवीकडे खुर्च्या आणि कॉफीचं दुकान. बाण असलेली पाटी होती, पण सकाळीच क्रेगने तिच्यापुढे चॉकलेटच्या डब्यांचा मनोरा रचला होता. "बॉस, पाटी झाकली जातेय," वासिती म्हणाली होती. "झाकू दे, लोक थांबतील, थांबले की घेतील," क्रेग म्हणाला होता.

बूट उजवीकडे एक पाऊल गेले. परत आले. प्रेमवती जपान्यांत बुडालेली. आसपास दुसरं कुणी नाही, निरोप द्यायला एक पोरसुद्धा नाही. वरून गाणं चाललेलं. आता अक्षरं लाल झाली असतील, आता दार लावत असतील, आता त्याचं नाव कापत असतील.

"डावीकडे," वासिती म्हणाली.

स्वतःचाच आवाज ऐकून ती घाबरली. पण सुरुवात झालीच होती. "आपिसाई, डावीकडे जा. जिना उतर. पळ!"

काउंटरपलीकडचे बूट हललेच नाहीत. वासितीला वाटलं, संपलं, आता हा शरमेने इथेच उभा राहील आणि सगळं माझ्यामुळे फुकट जाईल.

"तिलोऊ," आपिसाई म्हणाला.

बसलेल्या माणसापुढून जायचं असलं की वाकून म्हणायचा शब्द तो, जरा वाट द्या एवढ्याच अर्थाचा. आम्ही दिवसभर म्हणत असतो, कुणालाही. तिने मान वर केली तर काउंटरच्या कडेवरून एक निळी पाठ वाकलेली दिसली, वाकूनच पुढे सरकली, आणि मग बूट पळत सुटले. डावीकडे. जिन्यावर धाडधाड वाजत गेले.

"काय शोधतेयस?" डोक्यावर क्रेग उभा होता.

"झाकण, बॉस," वासिती म्हणाली आणि झाकण दाखवलं.

ती उठून फलकाकडे बघेपर्यंत ब्रिस्बेनची ओळच पुसली गेली होती. तो आत गेला की दाराबाहेर राहिला, हे सांगणारं कुणी नव्हतं. दुपारभर वासितीने फवारे मारले, पण हसली नाही. प्रेमवतीने रोटी पुढे केली, तीही खाल्ली नाही.

"मी बोलले गं त्याच्याशी," अखेर ती म्हणाली.

"बरं केलंस! काय बोललीस?"

वासितीचे डोळे भरून आले. "तिकडे थंडी असते, छाती झाकून ठेव म्हणायचं होतं. छपराबद्दल म्हणायचं होतं, मासळीबद्दल, त्या सगळ्या मासळीबद्दल. तीस वर्षांत एकदा तोंड उघडलं, आणि मी म्हटलं काय, तर डावीकडे."

प्रेमवतीने रोटीचा घास जबरदस्तीने वासितीच्या तोंडात कोंबला.

संध्याकाळी वासिती ओट्यावर कसावा सोलत होती, कान रस्त्यावर. प्रत्येक बस थांबली की तिची सुरी थांबायची. निळा शर्ट उतरतो की काय. तीन बस गेल्या. मग फोन वाजला. आपिसाईची बायको, लिटिया.

"वन्सं, पोचला हो! आत्ताच फोन आला होता. बरा आहे, थंडी वाजतेय म्हणाला." वासितीने सुरी खाली ठेवली. लिटिया पुढे बोलत होती, "आणि तुमच्यासाठी एक निरोप दिलाय. मला तर ओ की ठो कळला नाही, तुम्हाला तरी कळतोय का बघा. म्हणाला, तिला सांग, डावीकडेच होतं. तीनदा म्हणायला लावलं मला, विसरशील म्हणून. कळलं का तुम्हाला काही?"

वासितीने भुवया उडवल्या. पुन्हा एकदा उडवल्या.

"वन्सं? अहो वन्सं, आहात ना?" लिटिया विचारत राहिली. फोनवर तिला त्या भुवया कशा दिसणार!