बोटभर उंची

सोपान गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं केला तेव्हा मी दाढी करत होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण तसाच. "काका, बाबा पहाटे गेले," ती म्हणाली आणि मी "बरं" म्हणालो. मग उरलेली दाढी केली. अर्ध्या दाढीनं कुणाच्या दारात कसं जायचं... आणि सोपानला तर ते अजिबात चाललं नसतं. त्याच्या आधी पंधरवडाभर मीच त्याला डांगे चौकाजवळच्या दवाखान्यात नेलं होतं. नेलं म्हणजे काय, दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या आधारानं रिक्षातून उतरायचं. नर्सबाईंनी वजन घेतलं आणि उंची मोजायच्या दांड्यापाशी त्याला उभं केलं. वरची पट्टी खाली सरकवत आणली. ती डोक्याला टेकली मात्र, सोपानचे गुडघे सैल झाले आणि मान खांद्यांत गेली. "आजोबा, सरळ उभे राहा ना." तो सरळ झाला. पट्टी टेकली, पुन्हा तेच. बाईंना वाटलं अशक्तपणा आहे. सोपान माझ्याकडे बघून हसला. "शंकरराव, सांगा की बाईंना. ह्यो आजार लई जुना हाय." बाहेर रांग होती, बाईंना ऐकायला वेळ नव्हता. म्हणून इथे सांगतो.

ही पन्नासच्या दशकातली हकीकत. पिंपरीच्या माळावर औषधांचा मोठा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि मी साताऱ्याकडून येऊन त्यात हेल्पर म्हणून लागलो होतो. चिंचवडगावात भाड्याची खोली होती आणि संध्याकाळी बसायला नानांचं सायकलचं दुकान. आज सांगून कुणाला खरं वाटणार नाही, पण शिफ्ट सुटली की रस्त्यावर फक्त सायकलींच्या घंट्या ऐकू यायच्या आणि त्या थांबल्या की काहीच नाही. नाना मूळचे पवनेपलीकडच्या थेरगावचे. पंक्चर काढता काढता ते जगातल्या कुठल्याही विषयावर निकाल द्यायचे, पण त्यांचा खरा जीव हुतुतूत. पोरांचा एक संघ त्यांनी बांधला होता. संघ त्यांचा, खर्च त्यांचा आणि भांडणंही त्यांचीच. त्या संघातला त्यांचा सगळ्यात लाडका गडी म्हणजे थेरगावातल्या त्यांच्या शेजारच्या शेतकऱ्याचा मुलगा, आमचा सोपान.

तेव्हा हुतुतूचे सामने उंचीच्या गटांत व्हायचे. मैदानाच्या कडेला एक बांबू उभा करायचे, त्याला ठरलेल्या उंचीवर आडवी पट्टी ठोकलेली असायची. पट्टीखाली मावला तो लहान गटात, बाकीच्यांनी मोठ्यांच्यात जाऊन हाडं मोडून घ्यायची. सोपान चपळ होता, निसटण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण पोर म्हटल्यावर वाढणारच. नानांना ते मंजूर नव्हतं. त्यांनी तसाच एक बांबू दुकानामागे रोवला आणि पोरांची रीतसर तालीम सुरू केली. पट्टी डोक्याला लागली की श्वास सोडायचा, मान खांद्यांत ओढायची, गुडघ्यांत किंचित ढील द्यायची. चड्डी ढगळ असली की गुडघे कळत नाहीत. "वाकायचं न्हाई. नुसतं मावायचं," असं नाना शिकवायचे. सगळेच संघ हे करत, पंचांनाही ते ठाऊक असे. पण सोपानइतक्या सफाईनं ते कुणाला जमलं नाही. दोन-तीन बोटं वर गेलेला हा गडी कित्येक हंगाम त्या पट्टीखाली मावत राहिला आणि नाना ढाली घरी नेत राहिले.

बास्केटबॉल आमच्याकडे आला तो कारखान्याच्या कॉलनीतून. मद्रासकडचे एक इंजिनिअर साहेब होते, त्यांनी मोकळ्या जागेत मुरूम टाकून मैदान केलं. रिंगा आमच्या खात्यातल्या परबनं वेल्डिंग करून दिल्या. परब मालवणकडचा, हातात कसब आणि तोंडाला लगाम नाही. सोपान कॉलनीत दूध घालायला यायचा. एकदा बॉल त्याच्या पायाशी आला, तेव्हा त्यानं किटली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तो रिंगच्या दिशेनं फेकला. बॉल बोर्डावरून पलीकडच्या कुंपणात. दुसराही तिथेच गेला. साहेब हसले, सोपान हसला नाही. दुसऱ्या दिवशी दूध घालून झाल्यावर हा पुन्हा मैदानात उभा, तिसऱ्या दिवशीही तसाच. उंच माणसांच्या गर्दीत शिरण्यात अर्थ नाही हे त्याला लवकर उमगलं. लांब कोपऱ्यात उभं राहायचं, बॉल छातीपासून सोडायचा आणि कमान अशी चढवायची की वर बघता बघता आमच्या टोप्या पडायच्या. खेळाचे नियम आम्हाला धड कळत नव्हते. पण दर रविवारी नाना, परब आणि मी मैदानाच्या कडेला हजर असायचो आणि समोरच्या संघाला वाट्टेल ते बोलायचो.

सोपान मॅट्रिक झाला त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीचा एक सामना लष्करातल्या जवानांशी झाला. सगळे ताडमाड गडी. त्यांच्यात सोपान म्हणजे घरातल्या मोठ्यांच्यात घेतलेला लिंबूटिंबू. सामना आम्ही हरलो, पण सोपाननं कोपऱ्यातून बॉल टाकायला सुरुवात केली तेव्हा त्यांचा कॅप्टन स्वतःच्याच माणसांवर खेकसत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पंच म्हणून पुण्याच्या एका कॉलेजचे खेळाचे सर आले होते. शिट्टी खिशात टाकून ते थेट सोपानपाशी गेले. कॉलेजात ये, फी माफ, वसतिगृहात जागा आणि मेसमध्ये जेवण, एवढं सगळं त्यांनी उभ्या उभ्या देऊ केलं. फक्त एक अट होती. आदल्या वर्षी कॉलेजचा संघ बुटका म्हणून मार खाऊन आला होता, तेव्हापासून समितीनं ठरवलं होतं की पाच फूट पाच इंचांच्या खाली कुणाला अशी जागा द्यायची नाही. येत्या सोमवारी येऊन माप द्यावं, म्हणाले.

मग काय, आठवडाभर नानांच्या दुकानात दुसरा विषय नाही. गिऱ्हाइकं पंक्चरची ट्यूब हातात घेऊन उभी आणि नाना सांगताहेत की सोपानचा फोटो पेपरात येणार. परबचं म्हणणं अगदी उलट. कारखान्यात त्याच महिन्यात भरती होती, ती सोडू नये. "उंच माणसांचो खेळ तो. ह्यो बारको थंय काय करतलो?" तो म्हणाला, आणि नानांनी त्याच्या दिशेनं फडकं भिरकावलं. परबचं सगळंच चूक नव्हतं. आमच्या मैदानात सगळे हौशी, तिथे एकेक निवडलेला. बाकावर बसवून ठेवलं तर पुढच्या वर्षी माफी काढून घेतील, मग पोरानं काय करायचं? मी म्हणत होतो की खेळ गेला तरी शिक्षण पदरात पडेल. सोपानचे वडील एकदाच आले. त्यांनी शांतपणे सांगितलं की फुकट होत असेल तर पोरानं शिकावं, नाहीतर सरळ कारखान्यात लागावं, फीचा भार त्यांना झेपणारा नाही. आणि जाता जाता विचारलं, "पर बॉल टाकून पोट भरतं व्हय?" एवढ्या दिवसांत सोपानला कुणी विचारलंच नव्हतं. तो डब्यावर बसून चाकाच्या तारा आवळत होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मला जायचंय. तिथं सिमेंटचं मैदान हाय. आपल्या मुरमात बॉल कसाबी उसळतो. सरळ उसळला तर काय व्हतं ते बगायचंय."

रविवारी आम्ही त्याचं माप घेतलं. नानांनी दुकानामागचा बांबू आधीच उपटून माळ्यावर टाकला होता. आता ती पट्टी पोराच्या नजरेसही पडायला नको, म्हणाले, अपशकून होईल. म्हणून आम्ही सोपानला दाराला टेकवून उभं केलं, मी अंदाजानं कोळशाची रेघ ओढली आणि परबनं टेप लावली. पाच फूट पाच. जेमतेम, पण पुरेसं. नानांनी सगळ्यांना चहा पाजला. सोपानच्या डोक्याला काही टेकवून बघावं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सोमवारी दोन सायकलींवर आम्ही तिघं पुण्याला गेलो, नाना माझ्या मागे कॅरिअरवर. सिमेंटचं मैदान फाटकातूनच दिसलं. सोपाननं वहाणा काढल्या आणि त्याच्यावर पाय ठेवून पाहिला. सरांनी आम्हाला खोलीत नेलं. तिथे उंची मोजायचा लाकडी खांब होता, त्यावर वरखाली सरकणारी पट्टी. सोपान ताठ उभा राहिला, छाती पुढे, नजर समोर. सरांनी पट्टी खाली आणली. ती केसांना लागली... आणि मला समोरून त्याचे गुडघे दिसले. पाच फूट चारच्या वर थोडंसं, पाच फूट पाचाला बोटभर कमी. सर भला माणूस होता, त्यानं आपणहून पुन्हा माप घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सोपाननं दात आवळून गुडघे धरून ठेवले, तर मान खाली गेली. नानांना राहवलं नाही. त्यांनी हुतुतू, बांबू, तालीम सगळं सांगून टाकलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला पटलं हो. पण हे मी समितीला कसं सांगू?"

परतताना नाना सायकलवर बसेनात. माझ्या शेजारून पायी चालत राहिले, मीही सायकल हातात घेऊन चाललो. दापोडीचा पूल आला तेव्हा सोपान पुढून मागे वळून आला आणि म्हणाला, "नाना, बसा आता. त्या पट्टीखालनं मी लई सामने जिंकलो. आज एक हारलो." नाना बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो बांबू तोडून बंबात घातला. लहान गटात त्यांनी पुन्हा कधी संघ उतरवला नाही.

सोपान कारखान्यात लागला, माझ्याच खात्यात. चांगला कामगार झाला, संसार केला, मुलगी शिकवली. आयुष्य वाया गेलं असं तो कधी म्हणाला नाही आणि मीही म्हणणार नाही, त्याला ते आवडलं नसतं. पण त्या दिवसाचं मला वाईट वाटलं ते वाटलंच, आणि अजून वाटतं. मी एकदा त्याला म्हटलं, की परब आता कबूल करतो, तू तिथे चमकला असतास. त्यावर तो म्हणाला की परब रिटायर झाल्यापासून कुणाचंही काहीही कबूल करतो.

थेरगावात सिमेंटचं मैदान झालं तेव्हा सोपान निवृत्त झालेला होता. तिथे तो पोरांना बास्केटबॉल शिकवायला लागला. पुढे पोरं कमी आणि पोरीच जास्त. रोज संध्याकाळी, शेवटच्या आजारापर्यंत. रिंगच्या लोखंडी खांबावर तो प्रत्येकीच्या उंचीची खूण करायचा, ऑइलपेंटनं, बारीक ब्रशनं. मोजायची त्याची तऱ्हा वेगळी. पोरगी खांबाला टेकून उभी राहिली की हा आपला तळवा तिच्या डोक्यावर आडवा धरायचा, पण टेकवायचा नाही. मध्ये बोटभर जागा सोडायचा आणि तळव्यापाशी रेघ ओढायचा. मी एकदा म्हणालो, अरे, ह्या सगळ्या खुणा खोट्या झाल्या. तो ब्रश पुसत म्हणाला, "डोक्याला काय लागलं न्हाई तर पोरगी वर बगती, शंकरराव. म्हैन्याभरात पोचती तिथवर."

तेराव्यानंतर मी एका संध्याकाळी मैदानावर गेलो. पोरी खेळत होत्या. त्यांच्यातली मोठी पल्लवी, सोपानमागे तीच बाकीच्यांना शिकवते, माझ्याकडे आली. म्हणाली, आजोबा, खांबावर सगळ्यांच्या खुणा आहेत, सोपानसरांचीच नाही. त्यांनी कधी करूच दिली नाही. ते केवढे होते, तुम्हाला आठवतं का? तिच्या हातात सोपानचाच ब्रश होता. मी दवाखान्यातल्या बाईंचा आकडा सांगितला नाही. कॉलेजातला तर नाहीच. आम्ही साठ वर्षं शेजारी शेजारी चाललो, तो माझ्या भुवईपर्यंत यायचा, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. मी चपला काढून खांबाला टेकून उभा राहिलो. पल्लवीनं माझ्या भुवईशी बोट धरलं.

"इथं ओढू?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बोटभर वर."