साडूंच्या रेडिओचा पल्ला

आमच्या साडूंना गप्प बसलेलं पाहिलेला माणूस मीरा-भाईंदरच्या हद्दीत तरी सापडायचा नाही. मी फुगवून सांगतोय असं वाटत असेल तर त्यांच्या दाताच्या डॉक्टरांना विचारा. दाढ उपटून घेताना, तोंडात चिमटा असताना, साडूंनी त्यांना बेव्हर्ली पार्कला जायचा जवळचा रस्ता समजावून सांगितला होता, आणि ते डॉक्टर बेव्हर्ली पार्कातच राहतात. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साडू या नात्यात भांडण्यासारखं काही नसतं आणि वाटून घेण्यासारखं म्हणजे फक्त सासुरवाडीची गाऱ्हाणी, त्यामुळे आमचं छान जमतं. ते बोलतात आणि मी असतो. गिरगावातली खोली विकून ते सिल्व्हर पार्कात आले तेव्हा मेहुणीला, म्हणजे आमच्या ताईंना, जागा मोठी झाल्याचा आनंद झाला होता. साडूंना आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. इथल्या लिफ्टमध्ये माणसं अडकतात, त्यामुळे सातव्या मजल्यापर्यंत सलग बोलता येतं, असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले.

याला कारण आहे. साडूंनी सगळी नोकरी वीज कंपनीच्या तक्रारींच्या खिडकीत बसून काढली. बिल जास्त आलं, मीटर पळतो, शेजारी वायर टाकतो, हे सगळं त्यांनी तोंड मिटून ऐकलं. खिडकीतल्या माणसाने उलट बोलायचं नाही असा तिथला दंडक होता. निवृत्तीच्या दिवशी सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले ते थांबेचनात. शेवटी वॉचमनने पंखे बंद केले. "अहो, जन्मभर मी ऐकलं, आता लोकांची पाळी," असं ते म्हणतात, आणि यात त्यांना काही चूक वाटत नाही. मलाही हल्ली वाटत नाही, सवयीचा गुण.

अशा माणसाच्या हाती रेडिओ लागला. भाईंदरच्या एका कॉलेजच्या गच्चीवर एक छोटं रेडिओ केंद्र आहे. आपल्या भागातल्या लोकांनी आपल्या भागातल्या लोकांसाठी चालवायचा रेडिओ, असा त्यामागचा विचार. तिथे ज्येष्ठांसाठी जागा आहे हे कळताच साडू सकाळीच जाऊन दारात उभे राहिले, कुलूप उघडायच्या आधी. त्यांना शनिवारी संध्याकाळचा तास मिळाला. कार्यक्रमाचं नाव 'गप्पा आणि गाणी', पण गाणी तोंडी लावण्यापुरती. गाणं सुरू झालं की दुसऱ्याच ओळीला साडूंना काहीतरी आठवायचं. "हे गाणं लागलं की मला आमचे सावंतसाहेब आठवतात," म्हणून ते आत शिरायचे आणि बाहेर पडेपर्यंत गाणं संपलेलं असायचं. एका भूपाळीवर ते इतका वेळ बोलले की शेवटी त्यांना संध्याकाळ झालीय हे स्वतःलाच सांगावं लागलं.

रविवारी सकाळी हाच कार्यक्रम पुन्हा लागतो. त्या वेळी साडू घरात नसतात. स्कूटरच्या हँडलला ट्रान्झिस्टर अडकवून ते आपला पल्ला तपासायला निघतात, म्हणजे आपला आवाज कुठपर्यंत पोचतो ते बघायला. घोडबंदरच्या वळणावर खरखर सुरू होते, दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे दुसरं कुणीतरी बोलायला लागतं, हे त्यांना पाठ आहे. एकदा मला मागे बसवून नेलं होतं. पुढे साडू बोलतायत, हँडलला साडू बोलतायत, आणि विषय दोन. त्या दिवशी घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, मला जरा वेळ कुणी काही विचारू नका.

असेच एका जूनमधल्या रविवारी ते उत्तनच्या बाजूला तारोडीला गेले. तिथे समुद्रापर्यंत आवाज स्वच्छ येतो याचा त्यांना फार अभिमान. पण त्या दिवशी येईना. कारण ट्रान्झिस्टरपेक्षा मोठा आवाज एका पत्र्याच्या शेडमधून येत होता. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि जाळी शिवायला घरोघरी जातात. अशी रिकामी झालेली एक शेड चार मुलांनी धरली होती. ड्रमवर चेतन, त्याच्या घरची ती शेड. एका गिटारवर त्याचा चुलतभाऊ, दुसऱ्या गिटारवर आमच्या सिल्व्हर पार्कातल्या फरसाणवाल्याचा जिगर. आणि गाणारी मुलगी भाईंदरच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी. दिवसभर दबक्या आवाजात "नंबर आल्यावर बोलावते" म्हणायचं, ते सगळं तिने या शेडसाठी साठवून ठेवलेलं असावं. बँडचं नाव 'सुकट'. साडू दारात उभे राहिले, आणि मग त्यांनी हात लांब करून ट्रान्झिस्टर बंद केला. स्वतःचा आवाज त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हाताने बंद केला होता. हे मला त्यांनीच सांगितलं, दीड तास.

पुढच्या शनिवारपासून 'गप्पा आणि गाणी'मध्ये सुकटचं राज्य सुरू झालं. सुधीर फडक्यांच्या काळातली गाणी ऐकून मोठा झालेला हा गृहस्थ, पण मोबाइलवर शेडमध्ये केलेलं रेकॉर्डिंग घेऊन आला आणि श्रोत्यांना समजावून सांगायला लागला, "मंडळी, याला गॅरेज रॉक म्हणतात. गॅरेजात वाजवायचं, फार घासूनपुसून घ्यायचं नाही. घरात पाहुणे आल्यावर आपण आवरतो, तसं न आवरता दार उघडायचं." त्यांचं लाडकं गाणं 'उन्हात टाक'. त्याच्यात गिटार आहेत, आरडाओरडा आहे, आणि मधून मधून एक ठकठक आहे. ती ठकठक बँडची नाही. शेडच्या बाहेर चेतनचे वडील बोटीच्या फळ्यांच्या सांध्यांत हातोडीने कापूस ठोकून भरत होते, तो आवाज आत आला. साडूंनी रेडिओवर जाहीर करून टाकलं की गाण्याचा सगळा जीव त्या ठोक्यात आहे. पुढे कॉलेजच्या खोलीत नीट रेकॉर्डिंग केलं तर ते अळणी लागायला लागलं, म्हणून साडू स्वतः वडिलांना विनंती करायला गेले. वडील मान वर न करता म्हणाले, "मी काम करतय, वाजवत न्हाय. बोट पाण्यात जायाची हाय." शेवटी माइकच शेडमध्ये नेला आणि त्यांना न सांगता बोटीच्या बाजूला ठेवला.

आमच्या ताईंचं मत वेगळं. घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद, आणि नवरा रेडिओवर छाती भरून सांगतोय की आता घेऊया थोडं सुकट. "श्रावणात तरी ते नाव घेऊ नका हो, समोरच्या काकू ऐकतात," ताई म्हणाल्या. साडूंनी बायकोचा मान राखला. श्रावण लागल्यावर ते "आता ऐकूया, आपलं ते," एवढंच म्हणायला लागले. समोरच्या काकू ऐकत नव्हत्या, हा त्यातला खरा मुद्दा होता.

कुणीच ऐकत नव्हतं. निदान तसं दिसत होतं. कार्यक्रमात फोन लावायची सोय आहे आणि फोन यायचे ते आमच्याच घरातून. रेडिओच्या कामाची जबाबदारी असलेल्या तरुण मॅडमनी साडूंना बाजूला घेऊन फार गोड शब्दांत सांगितलं, "काका, घरच्यांशिवाय एक तरी फोन यायला हवा. नाहीतर श्रावणानंतर हा तास आम्ही आहाराच्या कार्यक्रमाला देऊ." साडू त्या दिवशी आमच्याकडे आले आणि चहा होईपर्यंत त्यांनी फक्त हवामानाबद्दल बोलून घेतलं. बायको माझ्याकडे बघायला लागली. तास गेला तर त्यांचं काय होणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. पुन्हा ती खिडकी, फक्त आता समोर कुणी येणार नव्हतं.

मग बायकोने कंबर कसली. पुढच्या शनिवारी पदर तोंडाशी धरून तिने फोन लावला आणि म्हणाली, मी गीता नगरहून सौ. पाटील बोलतेय, मला तुमचा बँड फार आवडतो. सबंध मीरा-भाईंदरला ऐकू जाईल अशा आवाजात साडू म्हणाले, "मेहुणीबाई, आवाज बदलू नका, सर्दी झाल्यासारखा येतोय. साबुदाणा भिजत घातलात का?" मी हिंदीतून प्रयत्न केला. "आमचे साडू फार प्रेमळ आहेत, पण मंडळी, हा फोन धरायचा नाही," असं म्हणून त्यांनी मलाही बाद केलं. खोटा फोन त्यांना चालत नाही. तक्रारीच्या खिडकीत बसलेला माणूस, खरं काय आणि बनवाबनवी काय ते आवाजावरून ओळखतो. मी म्हटलं, अहो, कार्यक्रम जाईल. तर म्हणाले, "जाऊ दे की, पण घरचे फोन मोजून राहिलेला नको."

नारळी पौर्णिमा आली. त्यानंतर बोटी निघणार, शेडमध्ये पुन्हा जाळी आणि बर्फाच्या पेट्या येणार, चेतन आणि त्याचा भाऊ वडिलांबरोबर समुद्रावर जाणार. म्हणजे सुकट हा पावसाळी बँड, पुढच्या जूनपर्यंत बंद. साडूंनी मॅडमना गळ घालून बोटी निघायच्या दिवशी सकाळचा तास मागून घेतला. "निघताना त्यांना त्यांचं गाणं ऐकवायचं आहे, बाकी काही नाही," म्हणाले. मला वाटतं, आपला हा शेवटचाच कार्यक्रम असं त्यांनी मनात धरलं होतं, कारण त्या दिवशी त्यांनी नवा शर्ट घातला. रेडिओवर शर्ट दिसत नाही हे त्यांना सांगायचं आमच्या जिवावर आलं होतं.

आम्ही ताईंकडे बसून ऐकत होतो. साडूंनी समुद्राला, बोटींना, वरुणराजाला आणि वीज कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्यांना नमस्कार केला आणि 'उन्हात टाक' लावलं. दुसऱ्या ओळीला त्यांना सावंतसाहेब आठवले. तेवढ्यात फोन वाजला. मी बायकोकडे बघितलं, बायकोने ताईंकडे. तिघांचेही फोन टेबलावर होते.

"बोला मंडळी, कोण बोलतंय?" साडूंचा आवाज.

इंजिनाची घरघर आली. "चेतनचा बाप बोलतय. बोटीवरना."

"अहो, नमस्कार, नमस्कार. ऐकताय ना गाणं? त्यात तुमचेच ठोके आहेत बरं का, आता येतील, तुम्ही ज्या वेळी..."

"आयकू कसा? तुमीच बोलताव." तो माणूस रागावला नव्हता, बोट चालवतानाच्या घाईत होता. "आता थोडाच वेल येल आवाज. पोरगा कान लावून बसलाय. गाना हाय तवर बोलू नका."

आणि साडू गप्प बसले.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, रेडिओ बिघडला. पण गाणं चालू होतं. ती मुलगी ओरडत होती, जिगरची गिटार मध्येच घसरत होती, आणि त्याच्यामागे हातोडीचे ठोके, आम्ही इतके दिवस ज्यांच्याबद्दल ऐकत होतो आणि जे एकदाही पुरते ऐकू आले नव्हते ते. ताई पदराला हात पुसत म्हणाल्या, "यांना बरं नाहीये का गं?" बायकोने त्यांना हातानेच थांबवलं. ते गाणं चांगलं होतं, मला गाण्यातलं फार कळत नाही तरी सांगतो. संपल्यावर साडूंनी हॅलो, हॅलो केलं. पलीकडून काही आलं नाही.

"गेली वाटतं बोट पल्ल्याबाहेर," ते म्हणाले, आणि त्यांनी एकही शब्द न बोलता तेच गाणं पुन्हा लावलं.

त्यानंतर साडू स्वतःच मॅडमकडे गेले आणि म्हणाले, हा फोन धरायचा का ते तुम्ही ठरवा, चेतनचे वडील म्हणजे तसे ओळखीतलेच. मॅडम म्हणाल्या, "काका, ज्यांनी तुम्हाला गप्प बसवलं ते घरचे असूच शकत नाहीत." तास राहिला. आहाराचा कार्यक्रम मंगळवारी गेला. ताई तो ऐकतात आणि साडूंना मुगाचं कढण करून घालतात.

साडू सुधारले असं समजू नका. अजूनही ते भूपाळीच्या मध्ये शिरतात. फक्त शनिवारी एक गाणं, सुकटचं, ते सबंध वाजू देतात. त्या वेळी माइकच्या जवळ त्यांचा श्वास ऐकू येतो, बोलायचं आलंय आणि आवरलंय असा. परवाच्या रविवारी मी आपणहून त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. तारोडीच्या शेडला कुलूप होतं. आम्ही किनाऱ्यावर बसलो, ट्रान्झिस्टर त्यांनी वाळूत समुद्राकडे तोंड करून ठेवला आणि गाणं लागल्यावर दोघेही काही बोललो नाही. पाण्यावर लांब काही बोटी दिसत होत्या, त्यातली चेतनची कोणती हे आम्हाला काही ओळखता येईना. गाणं संपल्यावर साडू म्हणाले, "काय हो, जमिनीपेक्षा पाण्यावर आवाज जास्त लांब जात असेल ना?"

मला त्यातलं काहीच माहीत नाही. मी म्हटलं, जातो.