पोळ्याचं आवतन

आमच्या सौंदडकडच्या गावांत पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि कानाशी सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना दिलेला हा शब्द. तो मोडायचा नसतो, एवढं लहानपणीच धपाटे खाऊन शिकलो होतो. मोडला एकदाच, तोही फौजेत, आणि बैलाशी नाही तर खच्चराशी.

भरती झालो तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगा बंदूक चालवणार. पण शेतकऱ्याचा मुलगा, जनावर ओळखतो, म्हणून मला खच्चरांच्या पलटणीत टाकलं. गावात सांगायची लाज वाटायची. लढाई लागली आणि लाज गेली. जिथे गाडी जात नव्हती तिथे आमची जनावरं तोफगोळे, रॉकेल आणि पीठ वर नेत, आणि उतरताना पाठीवर जखमी माणसं आणत. कधी मेलेलीही.

माझ्या वाट्याला आलेलं खच्चर मादी होतं. खुरावर नंबर, नाव नाही. मी तिला 'म्हातारे' म्हणायचो. महाखट. दुसऱ्या कोणी दोरी धरली की चारही पाय रोवून उभी. गोळे पडायला लागले की मी तिच्या खांद्यावर हात ठेवायचो आणि ती चालू लागायची. खरं सांगायचं तर मीच तिला धरून चालायचो. एकदा तिच्या मागच्या मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला, तरी ओझं चौकीवर पोचवूनच खाली बसली.

लढाई संपली. जखम भरली, लंगडणं राहिलं. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून कागदावर काहीतरी लिहिलं. हवालदार मला म्हणाला, "नीचे मैदान में जाएगी, घास खाएगी. हमसे पहले पेन्शन!" मी भोळसट, खूश झालो. दुसऱ्या दिवशी पोळा होता. त्याच संध्याकाळी लंगरातून तूप-हळद मागून आणली, तिचे खांदे चोळले आणि कानात म्हटलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." सोबतचे जवान हसले. तिने मान माझ्या काखेत घातली.

सकाळी हुकूम आला: नाल्यापलीकडे नेऊन बांध, गाडी तिथे येईल. दुसऱ्या कोणाबरोबर तिने पाऊल टाकलं नसतं, म्हणून मी. गुळाचा खडा दाखवत नेली. बांधून परत आलो आणि तिच्यासाठी भिजवलेले हरभरे गुळात कालवायला बसलो. गाडी सुटण्याआधी नेऊन देणार होतो. तेवढ्यात एक गोळी वाजली. तिथे गोळीचं काय नवल! थोड्या वेळाने हवालदार आला आणि तिच्या तोंडाची म्होरकी माझ्यापुढे टाकून म्हणाला, "जमा कर दे."

गाडीत चढलेल्या जनावराची म्होरकी परत येत नाही.

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तो जागचा हलला नाही. एवढंच म्हणाला, "सच बोलता, तो तू ले जाता क्या?"

त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही. त्याने मला फसवलं. पण तिला तो कुठे काही बोलला होता? शब्द मी दिला होता, गूळ मी दाखवला होता.

पेन्शनवर गावी आलो त्याला बरीच वर्षं झाली. धानाच्या चिखलात आता ट्रॅक्टर फिरतो, पण मोठ्या भावाने हट्टाने एक बैलजोडी ठेवली आहे. यंदा त्याचा हात दुखत होता, म्हणून खांदे मी चोळले. चोळून झाले आणि मी हात पुसायला लागलो.

"काऊन गा, आवतन नाही देऊन राहिला?" भावाने विचारलं.

"तूच दे."

"फौजी माणूस तू, बैलाले भेतेस का?"

"भेतो," मी म्हटलं. डाव्या बैलाने मान माझ्या काखेत घातली होती.

शेवटी आवतन भावाने दिलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही बैल जेवून होईपर्यंत मी गोठ्यातून हललो नाही.