डाव्या हाताचं नाणं

चिंचवडला माझं किराण्याचं दुकान होतं, तेव्हा पहिली शिफ्ट सुटली की एक माणूस यायचा. घ्यायचा फक्त काडेपेटी, पण सगळा जीव सुट्या पैशांत. दहा पैसे तो बाजूला सारायचा.

"ॲल्युमिनियम हलकं पडतं, वहिनी. हाताला कळतच नाही, आहे का गेलं."

झिजलेली नाणीही नकोत, ती तळव्यातून निसटतात. कडेचे दाते तो नखाने तपासायचा. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेस मशिनने नेली होती. पूर्वी कॉलनीच्या गणपतीत तो त्याच हाताने नाणी गायब करायचा.

"आठ आणे घ्या की, लांबून दिसतील," मी म्हणाले.

"उजव्याला चालायचे. डावा अजून पोर आहे हो, त्याला चार आणेच द्या."

नाणं डाव्या तळव्यात दाबून तो हात पालथा करायचा. ते खणकन पडायचं.

"फोडा माझी फरशी!" मी म्हणायचे.

एका दुपारी आवाज आलाच नाही. उन्हाच्या तिरिपेत पिठाची धूळ तरंगत होती. त्याने बोटं पसरली, सावकाश फुंकर घातली आणि हात उलटा केला. तळवा रिकामा.

"गेलं कुठे?" मी विचारलं.

माझ्याइतक्याच नवलाने तो स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिला.