आतोबांचा वड आणि आत्याचा दोरा

आमच्या आतोबांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची: झाडाला पाणी घालणारी आणि झाडाची पानं ओरबाडणारी. आतोबा म्हणजे माझ्या चिंचवडच्या आत्याचे यजमान. मूलबाळ नव्हतं. रस्त्यालगतच्या शेताच्या बांधावर त्यांनी वडाची एक जाडजूड फांदी रोवली होती, आणि तिला पालवी फुटली त्या दिवशी गावभर साखर वाटली होती. उन्हाळ्यात आपली छत्री त्या फांदीला बांधून स्वतः बोडक्या डोक्यानं हिंडायचे. पाहुणा कितीही मोठा असो, वडाला कळशीभर पाणी घातल्याखेरीज त्याला चहा मिळत नसे. लग्नानंतर आम्ही जोडीनं गेलो, तर नव्या कोटातल्या माझ्या नवऱ्याच्या हातात नारळाऐवजी कळशीच आली! वर आतोबा बांधावरून ओरडताहेत, "जावई, बुडाशी न्हाई, लांब वता! मुळं तिकडं जेवायला गेल्यात!"

वटपौर्णिमेला तर ते काठी घेऊन पहाऱ्यालाच बसत. आत्या नऊवारी नेसून, ताट-दोरा घेऊन गेली तरी तिची गय नसे.

"अगं, पोर हाय ते अजून. दोऱ्यानं आवळशील त्याला. तुझं सात जन्मांचं मागनं ऱ्हाऊ दे, आदी त्याचा येक जन्म तरी नीट होऊ दे!"

"मग पुजायचा तरी कवा?"

"पारंबी भुईला टेकली, की झाड सोताच्या पायावर हुबं ऱ्हातं. त्या साली पयला दोरा तुझा. शबुद दिला."

आत्या फणकाऱ्यानं नदीकाठच्या म्हाताऱ्या वडाकडे जायची. "असला नवरा सात जन्म मागती, माजीच कमाल हाय!" असं म्हणायची, पण त्या पहिल्या दोऱ्यासाठी तिचा जीव किती तुटायचा, ते मला ठाऊक आहे.

पुढे पारंब्या सुटल्या. त्यांची कोवळी टोकं शेळ्या खुडायच्या, पोरं लोंबकळायची. मग आतोबांनी बांबू पोखरला, त्यात शेणमाती भरली, एक पारंबी आत सोडली आणि बांबू जमिनीपर्यंत उभा बांधला. एव्हाना रस्त्यापलीकडे कारखाना उभा राहत होता. सातारा, बीड कुठकुठचे कामगार दुपारी वडाखाली भाकरी सोडत. "बसा राव, सावलीला शिफ्ट नसती," आतोबा म्हणत. "फकस्त बांबूला हात लावू नका." आत्या दरवर्षी विचारी, "टेकली का वो?" "आतली कोवळी आसंल, वारं लागंल. पुढच्या साली उघडून बघू."

त्या पुढच्या सालाआधीच, ऐन थंडीत, आतोबा गेले.

उन्हाळ्यात कुजका बांबू आपोआप फुटला. आत मनगटाएवढी पारंबी होती, जमिनीत पार घट्ट रुतलेली. बघणारे म्हणाले, हिला टेकून दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. अहो, इतकं कशाला जपावं माणसानं? मला त्यांचा राग आला, आणि लगेच रडूही आलं.

त्या वटपौर्णिमेला कामगारांच्या बायकांनी वडाला दोरे गुंडाळले. कुंकू पुसलेली आत्या घरातच बसून राहिली. दुपारी सगळ्या परतल्यावर ती कळशी घेऊन निघाली, मी मागोमाग गेले. बुडाशी नाही, लांब गोल फिरत तिनं पाणी ओतलं. मग पारंबीला पाठ टेकून बसली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "टेकली व्हती की वो!"